गणिताच्या वर्गातून वाद्यवृंदाकडे : एर्नेस्ट आन्सेर्मे



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. गुण चांगले पडले असतील तर मुलाने विज्ञान शाखा घ्यायची. गाणे-वाजवणे हा सुट्टीचा उद्योग. मग व्हायोलिन पेटीत जाते आणि पेटी माळ्यावर जाते. एखादा मुलगा हट्टाने संगीताकडे वळलाच तर त्याची गणितातली हुशारी फुकट गेली म्हणून आईवडील हळहळतात. विज्ञान आणि संगीत ह्या दोन वाटा कधी एकत्र येत नाहीत असे आपण धरूनच चालतो.

आज आम्ही अशा एका माणसाची ओळख करून देणार आहोत, ज्याने गणिताचे रीतसर शिक्षण घेतले, गणित शिकवले आणि नंतर जवळजवळ अर्धशतक एकाच वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. त्याचे नाव एर्नेस्ट आन्सेर्मे. विसाव्या शतकातील युरोपीय संगीताच्या कोणत्याही इतिहासात हे नाव सापडते. ह्या माणसाच्या आयुष्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि टाळण्यासारखेही आहे. दोन्ही सांगितले नाही तर चरित्र सांगण्याला अर्थ उरत नाही.

शिक्षक ते संचालक

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावर व्हवे नावाचे छोटे शहर आहे. तेथे ११ नोव्हेंबर १८८३ रोजी आन्सेर्मे ह्यांचा जन्म झाला. हा स्वित्झर्लंडचा फ्रेंच बोलणारा भाग. जवळच्या लोझान शहरात त्यांनी गणिताचा अभ्यास केला, पुढे त्यासाठी पॅरिसलाही गेले आणि परत येऊन लोझानमध्ये गणिताचे अध्यापन करू लागले. फळा, खडू, समीकरणे आणि समोर बसलेले विद्यार्थी असा त्यांचा दिवस जात होता. नोकरी चांगली होती, मान होता.

पण संगीताचा अभ्यास सुटला नव्हता. पॅरिसमध्ये गणिताबरोबरच त्यांनी आंद्रे जेदाल्ज ह्या नामवंत शिक्षकाकडे संगीताचे धडे घेतले. मायदेशी देनेरेआझ आणि एर्नेस्ट ब्लॉख ह्यांच्याकडे ते शिकले. ह्यांपैकी ब्लॉख हे जिनिव्हाचे ज्यू संगीतकार. शलमोन राजावर त्यांनी रचलेली चेलो आणि वाद्यवृंदासाठीची रचना आजही जगभर वाजवली जाते. वाचकांनी ब्लॉख ह्यांचे नाव ध्यानात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

१९०९ च्या सुमारास आन्सेर्मे बर्लिनला गेले. आर्थर निकिश आणि फेलिक्स वाइनगार्टनर हे त्या काळचे मोठे वाद्यवृंद संचालक. त्यांचा सल्ला घ्यावा आणि त्यांचे काम जवळून पाहावे हा हेतू होता. त्यानंतर लवकरच त्यांनी स्वतः छडी हाती घेतली आणि सरोवराकाठच्या माँत्रो शहरातील वाद्यवृंदाचे संचालक झाले. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने मानाचे अध्यापन सोडून हवा खायला आलेल्या पाहुण्यांपुढे संगीत सादर करायचे पत्करले. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय कोणालाही वेडेपणाचाच वाटला असता.

वाद्यवृंद संचालकाचे काम काय असते हे येथे थोडे सांगायला हवे. साठ-सत्तर किंवा त्याहून अधिक वादक समोर बसलेले असतात. प्रत्येकापुढे फक्त त्याच्या वाद्याची स्वरलिपी असते. सर्वांची मिळून असलेली पूर्ण स्वरलिपी एकट्या संचालकासमोर असते. मोठ्या रचनेत तिच्या एका पानावर वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक चाललेल्या असतात. त्या सगळ्या एकाच वेळी वाचायच्या, मनात ऐकायच्या आणि समोरून येणारा आवाज मनातल्या आवाजाशी ताडून पाहायचा. एवढे करून संचालक स्वतः एकही स्वर वाजवत नाही. त्याच्या हातातील छडीला आवाज नसतो. त्याचे सगळे काम म्हणजे इतरांकडून काढून घेतलेले आणि इतरांचे ऐकलेले.

शेजारी राहणारा रशियन

माँत्रोला लागूनच क्लारां नावाचे गाव आहे. तेथे त्या वर्षांत इगॉर स्ट्राव्हिन्स्की हे तरुण रशियन संगीतकार मुक्काम करीत असत. ज्या 'वसंतविधी' ह्या नृत्यसंगीताने १९१३ साली पॅरिसच्या नाट्यगृहात मोठा गोंधळ उडाला, त्याचा बराच भाग त्यांनी क्लारांमध्येच लिहिला. आन्सेर्मे आणि स्ट्राव्हिन्स्की ह्यांची ओळख झाली, ओळखीची मैत्री झाली.

गणिताच्या शिक्षकाला ह्या मैत्रीत आपले गणित उपयोगी पडले. आपल्या तबल्यावर त्रिताल सुरू झाला की सोळा मात्रांचे आवर्तन पुन्हा पुन्हा येते. स्ट्राव्हिन्स्कींच्या संगीतात तसे नाही. एका विभागात दोन मात्रा, पुढच्यात तीन, लगेच पाच, पुन्हा दोन, असा हिशेब सतत बदलत राहतो. वादक गोंधळून जात. आन्सेर्मे ह्यांचे डोके अशा हिशेबात मुरलेले होते. त्यांच्या हाताखाली ते अवघड संगीत स्वच्छ ऐकू येई. कोणता स्वर कोठे पडतो आणि का पडतो हे श्रोत्याला कळे.

स्ट्राव्हिन्स्कींमुळेच आन्सेर्मे 'बॅले रूस' ह्या विख्यात रशियन नृत्यमंडळीत गेले. तिचे चालक होते सर्गेई दियागिलेव्ह. डिसेंबर १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, जिनिव्हात रेडक्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या प्रयोगात आन्सेर्मे ह्यांनी ह्या मंडळीचे संचालन केले. त्यानंतर ते तिच्याबरोबर उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत फिरले. १८ मे १९१७ रोजी पॅरिसमध्ये एरिक साती ह्यांच्या 'परेड' ह्या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला. त्याचे पडदे आणि पोशाख पिकासो ह्यांनी केले होते आणि त्यात टंकलेखन यंत्र, पिस्तूल, भोंगा असले आवाजही होते. संचालक आन्सेर्मेच. पुढे १९१९ साली लंडनमध्ये स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फाया ह्यांचे 'तिकोनी टोपी', १९२० साली पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्कींचे 'पुल्चिनेला' आणि १९२३ साली रशियन खेड्यातील लग्नावरचे 'ले नोस' ही नृत्यनाट्ये जगाने प्रथम त्यांच्याच संचालनाखाली पाहिली.

एका कुशल ऐकणाऱ्याच्या दोन गोष्टी

ह्या काळातील दोन प्रसंग आम्हांला विशेष बोलके वाटतात.

पहिला प्रसंग फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी ह्यांच्या अखेरच्या दिवसांतला. १९१८ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी आन्सेर्मे त्यांना भेटले आणि 'नॉक्टर्न' ह्या त्यांच्या रचनेतील काही शंका विचारल्या. देब्युसींनी आपली स्वतःची प्रत काढून दिली. ती वेगवेगळ्या वेळी केलेल्या दुरुस्त्यांनी भरलेली होती. ह्यांतली बरोबर दुरुस्ती कोणती असे विचारता देब्युसींनी सांगितले की आता आपल्यालाही नक्की ठाऊक नाही, प्रत घेऊन जावी आणि जे योग्य वाटेल ते घ्यावे. गणितात एका उदाहरणाचे एक उत्तर असते. येथे उत्तर देणाराच म्हणत होता की ऐका आणि ठरवा. आन्सेर्मे ह्यांनी तेच केले. देब्युसींचे संगीत सादर करणारे म्हणून त्यांनी जो लौकिक मिळवला तो अशा कानाच्या जोरावर.

दुसरा प्रसंग १९१९ सालचा, लंडनचा. अमेरिकेहून कृष्णवर्णीय वादक-गायकांचा एक वाद्यवृंद तेथे आला होता. त्यात न्यू ऑर्लिन्सचा सिडनी बेशे नावाचा जेमतेम बावीस वर्षांचा तरुण क्लॅरिनेट वाजवी. त्या काळी युरोपातील प्रतिष्ठित संगीतकार अशा मंडळींकडे गंमत म्हणून पाहत. आन्सेर्मे पुन्हा पुन्हा ऐकायला गेले, वादकांना प्रश्न विचारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात एका स्विस नियतकालिकात त्यांच्या कलेवर लेख लिहिला. त्यात त्यांनी बेशेचे नाव घेऊन त्याला थोर कलावंत ठरवले आणि उद्याचे संगीत कदाचित ह्याच वाटेने जाईल असा अंदाज केला. बेशेचे वादन तबकडीवर आले ते १९२३ साली, म्हणजे चार वर्षांनंतर. जॅझ संगीतावर गांभीर्याने लिहिलेल्या अगदी पहिल्या लेखांत आज ह्या लेखाची गणना होते.

हे आन्सेर्मे ह्यांना कसे जमले? त्यांनी आधी ऐकले आणि मग मत बनवले. वादकाच्या कातडीचा रंग, त्याचे शिक्षण, त्याची प्रतिष्ठा ह्या गोष्टी त्यांच्या कानापर्यंत पोहोचल्याच नाहीत.

युद्ध संपले, वाद्यवृंद जन्मला

२८ सप्टेंबर १९१८ रोजी लोझानमध्ये 'सैनिकाची कथा' ह्या छोट्या संगीतनाट्याचा पहिला प्रयोग आन्सेर्मे ह्यांच्या संचालनाखाली झाला. संगीत स्ट्राव्हिन्स्कींचे, शब्द स्विस लेखक रामू ह्यांचे. युद्धामुळे पैसा आणि माणसे दोन्हींची टंचाई होती, म्हणून फक्त सात वादक. गोष्ट अशी की एक सैनिक घरी परत निघालेला असतो. वाटेत सैतान भेटतो आणि त्याचे जुने व्हायोलिन मागतो. बदल्यात एक पुस्तक देतो. त्या पुस्तकात पुढे घडणारे सगळे आधीच लिहिलेले असते आणि ते वाचणाऱ्याला अमाप पैसा मिळतो. सैनिक व्हायोलिन देतो, पुस्तक घेतो आणि श्रीमंत होतो. पण आपली माणसे आणि आपले सुख गमावून बसतो. हे नाटक गावोगावी नेण्याचा बेत होता, पण युरोपभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीने तो मोडला.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. आन्सेर्मे ह्यांचा तो पस्तिसावा वाढदिवस होता. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३० नोव्हेंबरला, त्यांनी स्थापन केलेल्या 'ऑर्केस्त्र द ला स्विस रोमांद' ह्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये झाला. फ्रेंच भाषिक स्वित्झर्लंडला आपला स्वतःचा कायम वाद्यवृंद असावा हे त्यांचे स्वप्न होते. १९६७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४९ वर्षे, ते त्याचे प्रमुख राहिले.

आपल्यापैकी ज्यांनी एखादे मंडळ किंवा पतपेढी चालवली आहे त्यांना ४९ वर्षांचा अर्थ कळेल. पैशाची ओढाताण सुरुवातीपासून होती. १९३० नंतरच्या मंदीत तर वाद्यवृंद टिकतो की नाही अशी वेळ आली. अखेर १९३८ साली लोझानच्या रेडिओ वाद्यवृंदाशी त्याची सांगड घालून त्याची पुन्हा उभारणी झाली. मधल्या काळात, १९२४ ते १९२७ ह्या वर्षांत, आन्सेर्मे अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला जाऊन तेथील वादकांच्या संस्थेचे कार्यक्रम घडवीत होते. जगातील मोठमोठी वाद्यवृंद मंडळे त्यांना पाहुणे संचालक म्हणून बोलावीत. तरी ते परत जिनिव्हाला येत. त्यांचा वाद्यवृंद युरोपातील सर्वांत सफाईदार कधीच नव्हता हे जाणकार स्पष्ट सांगतात. बर्लिन किंवा व्हिएन्नाच्या वादकांची भरदार सुरावट तेथे नव्हती. पण स्वच्छपणा होता, प्रत्येक वाद्याची रेघ वेगळी दिसे. एका छोट्या प्रदेशाच्या मध्यम ताकदीच्या वाद्यवृंदाला त्यांनी जगप्रसिद्ध केले, तेही वर्षानुवर्षे तालमी घेऊन.

स्तोत्रे, मिस्सा आणि शांती

आपल्या उपासनेशी थेट नाते असलेल्या काही रचनाही जगाने प्रथम आन्सेर्मे ह्यांच्या हातून ऐकल्या.

१९३० साली अमेरिकेतील बॉस्टनच्या वाद्यवृंदाला पन्नास वर्षे होत होती. त्यासाठी स्ट्राव्हिन्स्कींनी 'स्तोत्रांची सिंफनी' लिहिली आणि ती परमेश्वराच्या गौरवासाठी अर्पण केली. पवित्र शास्त्रातील ३९, ४० आणि १५० ह्या स्तोत्रांतील लॅटिन शब्द त्यांनी घेतले. एक काकुळतीची प्रार्थना, एक वाट पाहणाऱ्याचे उपकारस्मरण आणि शेवटी सर्व वाद्यांनी देवाची स्तुती करा असे सांगणारे स्तोत्र. ज्या स्तोत्रात तंतुवाद्यांचाही उल्लेख आहे, त्या रचनेत व्हायोलिन मात्र एकही नाही. संगीतकाराने ती मुद्दाम वगळली, त्यामुळे गायकवृंदाचा आवाज उघडा आणि खरा ऐकू येतो. बॉस्टनचा प्रयोग पुढे गेल्याने पहिले सादरीकरण १३ डिसेंबर १९३० रोजी ब्रसेल्सला आन्सेर्मे ह्यांनीच केले.

दुसरे महायुद्ध संपण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हा जिनिव्हाच्या रेडिओने फ्रांक मार्टिन ह्या स्विस संगीतकाराला आधीच एक काम सांगून ठेवले. शांततेची घोषणा होईल त्या दिवशी ऐकवता येईल अशी रचना हवी होती. मार्टिन ह्यांनी बायबलमधील वचने घेऊन 'पृथ्वीवर शांती' ह्या नावाची रचना लिहिली. ७ मे १९४५ रोजी आन्सेर्मे आणि त्यांच्या वाद्यवृंदाने ती रेडिओवरून ऐकवली. बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी म्हटलेले शब्द युरोपातील उद्ध्वस्त शहरांवरून त्या दिवशी गेले.

२७ ऑक्टोबर १९४८ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात स्ट्राव्हिन्स्कींच्या 'मिस्सा'चा पहिला प्रयोग झाला. स्ट्राव्हिन्स्की स्वतः ऑर्थोडॉक्स पंथाचे. त्यांच्या पंथात उपासनेत वाद्ये चालत नाहीत. म्हणून त्यांनी कॅथलिक मिस्सासाठी, गायकवृंद आणि फुंकून वाजवायची दहा वाद्ये घेऊन, ही रचना केली. आन्सेर्मे आणि स्ट्राव्हिन्स्की ह्यांची मैत्री १९३७ साली तुटली होती. एका नृत्यसंगीतातील काही भाग गाळून ते सादर करावे असे आन्सेर्मे ह्यांना वाटत होते आणि स्ट्राव्हिन्स्कींना आपल्या रचनेला कात्री लावणे मुळीच मान्य नव्हते. त्या कटू पत्रांनंतर अकरा वर्षांनी मिस्साचे सूर आन्सेर्मे ह्यांच्याच छडीखाली उमटले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातही त्यांचे विज्ञानाचे शिक्षण त्यांना परके वाटू देत नसे. युद्धात पाणबुड्यांचे आवाज ओळखण्यासाठी 'डेक्का' कंपनीच्या अभियंत्यांनी जे तंत्र विकसित केले होते, ते युद्धानंतर संगीतासाठी वापरले गेले. १९४६ साली त्या तंत्राने मुद्रित झालेले 'पेत्रुश्का' लंडनच्या वाद्यवृंदाकडून आन्सेर्मे ह्यांनी करवून घेतले. १९५४ सालच्या मे महिन्यात डेक्काने स्टिरिओ पद्धतीचे आपले पहिले मुद्रण केले तेही जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये, त्यांच्याच वाद्यवृंदाबरोबर. ज्या श्रोत्यांनी जिनिव्हा कधी पाहिले नाही त्यांच्या घरी त्यांचे संगीत ह्या तबकड्यांनी पोहोचवले.

पुस्तक

आता आम्ही त्यांच्या आयुष्याच्या त्या भागाकडे येतो, जो सांगणे सोपे नाही.

१९६१ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, आन्सेर्मे ह्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मानवी जाणिवेत संगीताचा पाया कोठे आहे, हा त्याचा विषय. गणित आणि एडमंड हुसर्ल ह्या जर्मन तत्त्वज्ञाची विचारपद्धती ही त्याची दोन हत्यारे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हुसर्ल आमच्याही वाट्याला आले होते. एखादी वस्तू मुळात काय आहे ह्याचा वाद बाजूला ठेवा, ती आपल्या जाणिवेला कशी प्रतीत होते ते बारकाईने पाहा, असा त्यांचा थोडक्यात मार्ग. संगीताला तो फार चांगला लागू पडतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा आपल्या पेटीवरचा सा सेकंदाला २४० कंपनांचा आहे. मग शुद्ध प ३६० कंपनांचा आणि वरचा सा ४८० कंपनांचा. सा ते प ही पटीची वाढ दीडपट, प ते वरचा सा ही ३६० ची ४८०, म्हणजे चार-तृतीयांश पट. दीड गुणिले चार-तृतीयांश बरोबर दोन. म्हणजे हवेत गुणाकार चालतो. पण आपल्या कानाला काय वाटते? एक पायरी चढलो, मग दुसरी चढलो आणि वरच्या सा वर पोहोचलो. आपण बेरीज ऐकतो. गुणाकाराची बेरीज करण्याची युक्ती म्हणजे शाळेत शिकलेले लॉगॅरिदम. ऐकणारे मन ही युक्ती न शिकता करते, ह्या गोष्टीवर आन्सेर्मे ह्यांनी आपल्या विचाराची उभारणी केली. येथपर्यंत त्यांचा हात धरून चालायला आनंद वाटतो.

पुढे ते म्हणू लागले की ह्याच पायावर कोणते संगीत खरे आणि कोणते खोटे हे सिद्ध करता येते. व्हिएन्नाचे आर्नोल्ड शोनबर्ग ह्यांनी १९२० नंतर अशी पद्धत आणली होती की सप्तकातील बाराही स्वर समान मानायचे, कोणालाही सा चा मान द्यायचा नाही. आन्सेर्मे ह्यांचे म्हणणे, घर नसलेल्या ह्या संगीतात जाणिवेला वाट सापडत नाही. हे मत असू शकते. अनेक श्रोत्यांचे तसे मत आजही आहे आणि अनेकांचे अगदी उलट आहे. पण आन्सेर्मे ह्यांना ते मत म्हणून पुरे वाटले नाही, त्यांना ते प्रमेय म्हणून हवे होते. आणि येथे त्यांचा पाय घसरला. शोनबर्ग ज्यू होते. त्यांच्या संगीताचा दोष आन्सेर्मे ह्यांनी त्यांच्या ज्यूपणाला चिकटवला आणि एका संपूर्ण समाजाच्या बुद्धीविषयी अत्यंत हीन विधाने त्या ग्रंथात छापली. नाझींनी केलेला ज्यूंचा संहार संपून तेव्हा फक्त १६ वर्षे झाली होती.

ह्याला काळाचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. कोणत्याही समीकरणातून असा निष्कर्ष निघत नाही. त्यांना स्वरांचे धडे देणारे ब्लॉख ज्यू होते. ज्या आन्सेर्मे ह्यांनी १९१९ साली एका कृष्णवर्णीय तरुणाचे क्लॅरिनेट ऐकून जगाच्या आधी त्याची थोरवी ओळखली, तेच आन्सेर्मे चार दशकांनंतर एका समाजाचे काही न ऐकताच त्याच्यावर निकाल देऊन मोकळे झाले. हुसर्ल सांगतात की आधीचे ग्रह बाजूला ठेवून पाहा. आन्सेर्मे ह्यांनी पद्धत हुसर्लची घेतली आणि ग्रह आपला ठेवला. शिवाय हुसर्ल स्वतः जन्माने ज्यूच होते. 'सैनिकाची कथा' ज्यांनी जगाला प्रथम ऐकवली, त्यांनीही आयुष्याच्या संध्याकाळी व्हायोलिन खाली ठेवून सगळी उत्तरे असलेले पुस्तक हाती घेतले असे म्हणावे लागते.

शोमरोनी

तरीही ही कथा येथे थांबत नाही. १९६३ साली रेडक्रॉसला शंभर वर्षे पूर्ण झाली. जिनिव्हा ही रेडक्रॉसची जन्मभूमी. ह्या निमित्ताने इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन ह्यांनी लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर लॅटिन शब्दांत एक रचना केली. ब्रिटनची एक संगीतिका १९४६ साली आन्सेर्मे ह्यांनीच प्रथम सादर केली होती. १ सप्टेंबर १९६३ रोजी जिनिव्हात ही नवी रचनाही त्यांच्या संचालनाखाली झाली. शोमरोन्याचे गाणे पीटर पिअर्स ह्या इंग्लिश गायकाने म्हटले आणि वाटेवर घायाळ पडलेल्या प्रवाशाचे गाणे डीट्रिख फिशर-डिस्काऊ ह्या जर्मन गायकाने. हा जर्मन गायक महायुद्धात सैनिक होता आणि युद्धकैदी म्हणून राहिलेला. इंग्लिश माणूस जर्मन माणसाच्या जखमा बांधतो आहे असे ते दृश्य.

आपण हा दाखला इतक्या वेळा ऐकतो की त्याची धार बोथट होते. शोमरोनी म्हणजे ऐकणाऱ्या यहुद्यांच्या दृष्टीने तुच्छ समाज. प्रभूने ज्याच्याविषयी आपले मत आधीच ठरलेले असते त्यालाच गोष्टीतला चांगला माणूस केले. जाती-समाजावरून माणसाचे मोल ठरवणाऱ्याला ह्याहून सरळ उत्तर नाही. दोन वर्षांपूर्वी तो ग्रंथ छापणाऱ्या हातांनी त्या दिवशी ह्या दाखल्याला ताल दिला. त्या वेळी त्यांच्या मनात काय चालले होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. आणखी दोन वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्यूंविषयीचा द्वेष ख्रिस्तसभेला अमान्य आहे असे जाहीर घोषित केले. त्या घोषणेची गरज किती होती हे आन्सेर्मे ह्यांच्या ग्रंथावरून कळते. एवढा शिकलेला, एवढा कान असलेला माणूसही त्या रोगातून सुटला नव्हता.

१९६७ साली त्यांनी आपला वाद्यवृंद पुढच्या संचालकाच्या हाती दिला. नोव्हेंबर १९६८ मध्ये, ८५ वर्षांचे असताना, लंडनमध्ये त्यांनी स्ट्राव्हिन्स्कींच्या 'अग्निपक्षी' ह्या नृत्यसंगीताचे मुद्रण केले. तालमीतील त्यांचे बोलणेही त्या वेळी मुद्रित झाले. २० फेब्रुवारी १९६९ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. त्यांचा वाद्यवृंद आजही त्याच व्हिक्टोरिया हॉलमध्ये वाजतो.

आपल्यासाठी

आईवडिलांना आम्ही एवढेच सांगू की मुलाने गणित शिकले म्हणून व्हायोलिन माळ्यावर टाकू नका आणि व्हायोलिन धरले म्हणून गणित वाया गेले असे समजू नका. आन्सेर्मे ह्यांचे गणित पहिल्या दिवसापासून त्यांच्या छडीत होते.

आपल्या गायकवृंदातील मुलामुलींना सांगायचे ते असे की गाण्याआधी शेजारच्याचे ऐका. ज्याचा आवाज चढा त्याने तर अधिकच ऐकावे.

आणि आम्हां शिकलेल्या सर्वांना, ज्यांत धर्मगुरूही आले, हे चरित्र एक इशारा देते. शिक्षण माणसाला विचार करण्याचे बळ देते. तेच बळ वापरून माणूस आपल्या मनातल्या जुन्या तिरस्काराला शास्त्राचा पोशाखही चढवू शकतो. मग तो तिरस्कार ओळखू येत नाही, त्याच्या हातात आकडे असतात. आपल्या गावातही कोण्या आळीविषयी, कोण्या समाजाविषयी, नुकत्याच राहायला आलेल्या कोण्या कुटुंबाविषयी आपण असेच पक्के सिद्धान्त बाळगून असतो. ह्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाच्या घरी जावे, बसावे आणि आधी ऐकून घ्यावे. मत नंतरही बनवता येईल.